चारातले तीन

आपल्याकडच्या पत्त्यांच्या खेळांत हरण्याची सोय चांगली केलेली आहे. मेंढीकोटला चौघं बसतात, समोरासमोरचे भिडू असतात. हरलं तर निम्मं खापर भिडूच्या डोक्यावर फोडता येतं. झब्बूला चौघं असोत की सातजण, शेवटी पत्ते उरतात ते एकाच्याच हातात. बाकीचे सुटतात आणि सुटलेले सगळे मिळून त्या एकाला हसतात. मी गेली काही वर्षं जो खेळ खेळतो आहे त्यात हा हिशोब उलटा आहे. चौघं बसतात, एक जिंकतो, तिघं हरतात. चौघंही सारखेच हुशार असले आणि नशीबही सारखंच असलं, तरी प्रत्येकाने चारातले तीन डाव हरायचे, हे बसण्याआधीच ठरलेलं असतं.

हा लेख त्या खेळातल्या डावपेचांबद्दल आहे. पण आमच्याकडे डावपेच शिकता शिकता हरण्याचा प्रश्न मध्ये आडवा आला आणि तो सुटल्याशिवाय पुढे जाता येईना. त्यामुळे लेख थोडा त्याच्याबद्दलही आहे.

खेळाचं नाव 'मॅजिक: द गॅदरिंग'. रिचर्ड गारफिल्ड हा गणितात डॉक्टरेट केलेला माणूस, त्याने तो बनवला आणि 1993 मध्ये तो अमेरिकेत बाजारात आला. जादूगार, राक्षस, ड्रॅगन, शापित तलवारी असलं सगळं त्यात आहे. प्रत्येक पत्त्यावर एक चित्र आणि चित्राखाली तो पत्ता काय करतो त्याचा नियम. असे हजारो वेगवेगळे पत्ते आजवर निघालेत. त्यातून हवे ते निवडून खेळणाऱ्याने आपला कॅट आपणच बांधायचा. काही पत्ते म्हणजे जमीन. दर चालीला हातातली एक जमीन मांडायची, जमिनीतून 'माना' नावाची ताकद मिळते आणि ती खर्चून बाकीचे पत्ते खेळता येतात. जमीन कमी आली तर हातात ड्रॅगन असूनही नुसतं बसून राहावं लागतं. धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मूळ खेळ दोघांचा. आम्ही खेळतो तो त्याचा चौघांचा अवतार, 'कमांडर'. नव्वदच्या दशकात अलास्कात काही हौशी मंडळींनी तो सुरू केला. 1994 च्या एका संचात पाच म्हातारे ड्रॅगन होते, त्यांपैकी एकाला सेनापती करून खेळायचं अशी मूळ कल्पना. अमेरिकेच्या हवाई दलात नोकरीला असलेला शेल्डन मेनरी याने तो पुढे जगभर पोचवला. कंपनीने 2011 मध्ये त्याला 'कमांडर' हे नाव देऊन तयार कॅट विकायला काढले. नियम थोडक्यात असे: शंभर पत्ते, त्यातला एक सेनापती. साध्या जमिनी सोडल्या तर कुठलाही पत्ता एकदाच घ्यायचा. सेनापती कॅटच्या बाहेर बसतो, हवा तेव्हा बोलावता येतो. तो मेला तर परत बोलावता येतो, फक्त दर खेपेला दोन माना जास्त मोजावे लागतात. प्रत्येकाला सुरुवातीला 40 लाइफ. शेवटी जो उरला तो जिंकला.

हे सगळं धाराशिवात आलं ते 2020 च्या लॉकडाऊनमध्ये. इंजिनिअरिंग संपवून पुण्यात नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं आणि मी लॅपटॉप घेऊन घरी परत आलो. शाळेतले आम्ही चौघं बऱ्याच वर्षांनी एकाच गावात होतो. एकाचं मेडिकल आहे. एक मैत्रीण तेव्हा बँकेच्या परीक्षा देत होती, आता एका बँकेत अधिकारी आहे. चौथा राज्यसेवेची तयारी करणारा. त्याला आम्ही पहिल्या वर्षापासून 'साहेब' म्हणायचो. आमच्याकडे एमपीएससी करणाऱ्या प्रत्येक पोराला कोणी ना कोणी साहेब म्हणतंच. पोस्ट निघेल तेव्हा निघेल, हाक आगाऊ मारून ठेवायची.

खेळ यूट्यूबवर पाहून शिकलो. पत्ते विकत घेणं परवडणारं नव्हतं. या खेळातल्या काही पत्त्यांच्या किमती काय असतात, त्याचं टोकाचं उदाहरण सांगतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या संचात 'द वन रिंग' या पत्त्याची एक प्रत अशी काढली होती की जगात तशी दुसरी नाही. पोस्ट मलोन या गायकाने ती 20 लाख डॉलरना घेतल्याच्या बातम्या 2023 मध्ये आल्या. साधे पण चांगले पत्तेसुद्धा हजाराच्या पुढे जातात. आम्ही झेरॉक्सच्या दुकानात कलर प्रिंट काढल्या. पत्त्याचं माप 63 बाय 88 मिलिमीटर, म्हणजे ए-फोर कागदावर नऊ बसतात. शंभर पत्त्यांना बारा कागद. कात्रीने कापायचे, मागे जुन्या कॅटमधला बदाम-किलवरचा एखादा पत्ता लावायचा आणि प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये सरकवायचं. स्लीव्हचा आणखी एक फायदा असा की कुंथलगिरीचा पेढा खाता खाता खेळता येतं. असे छापील पत्ते अधिकृत स्पर्धेत चालत नाहीत. मेडिकलच्या वरच्या खोलीत चालतात.

एका रात्री माझे आबा जिना चढून वर आले. आबा मेंढीकोटचे पक्के. कोणती दश्शी कोणाकडे आहे हे ते चौथ्या हाताला सांगतात. त्यांनी एकेक पत्ता डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"चित्रं झ्याक हायेत. हुकूम कशाचा?"

"हुकूम नसतो आबा. ज्याचा त्यानं आपापला कॅट घरून बांधून आणायचा."

"घरून? मग पिसायचं कशाला?"

थोडा वेळ बघत बसले आणि उठताना म्हणाले, "भांडणं लई होत असतील."

देवादिकांची चित्रं असलेले, हुकूम नसलेले पत्ते आपल्याला तसे नवीन नाहीत. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा 120 गोल पत्त्यांची. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात बारा पत्ते: राजा, प्रधान आणि एक ते दहा. पाच रंगांत दहा आकडा वरचा आणि उरलेल्या पाचांत एक आकडा वरचा, म्हणजे एका रंगात जे दुबळं तेच दुसऱ्यात भारी. खेळायला साधारण तिघं बसतात, भिडू नसतो, जो तो आपापला. सावंतवाडीच्या राजवाड्यात ही गंजिफा आजही हाताने रंगवली जाते. तिच्यात आणि आमच्या खेळात मोठा फरक एकच: तिथे सगळ्यांना एकाच कॅटमधून वाटप होतं. आमच्यात वाटपाआधीच अर्धा खेळ झालेला असतो. आबांचा पिसण्याबद्दलचा प्रश्न योग्य जागी होता.

तर कॅट कसा बांधायचा? प्रत्येक पत्ता एकदाच घेता येतो, म्हणून आवडत्या पत्त्यावर भिस्त ठेवता येत नाही. सुरुवातीला हातात सात पत्ते येतात, मग दर चालीला एक. आठव्या चालीपर्यंत पंधरा पत्ते पाहून होतात. 99 पत्त्यांतला नेमका एक पत्ता त्या पंधरांत असण्याची शक्यता पंधरा टक्के. म्हणजे एका पत्त्यासाठी बांधलेला कॅट सातातले सहा डाव वाट बघत संपतो. पण एकच काम करणारे दहा वेगवेगळे पत्ते घेतले, तर तिसऱ्या चालीपर्यंत त्यातला निदान एक हातात येण्याची शक्यता 67 टक्क्यांवर जाते. म्हणून आमचा ढोबळ हिशोब: 37 जमिनी, माना वाढवणारे दहा, जास्तीचे पत्ते ओढून देणारे दहा, समोरच्याचं काही मोडणारे दहा, उरलेल्यांत हौस. आमच्या ऑफिसात एक सर्व्हर पडला तर काम दुसऱ्याने उचलावं म्हणून तीन ठेवतात. तेच हे. कोण काम करतं याला महत्त्व नाही, काम अडता कामा नये.

दोघांचा खेळ आणि चौघांचा खेळ यांतला फरक कळायला मात्र आम्हाला बरेच महिने लागले. दोघांच्या खेळात मी माझा एक पत्ता खर्चून तुझा एक पत्ता मारला, तर फिट्टंफाट. चौघांत तसं होत नाही. माझा एक गेला, तुझा एक गेला, आणि काहीही न करता बसलेले दोघं पुढे गेले. भांडण दोघांचं आणि लाभ तिसऱ्याचा, हे आपल्याला म्हणीतून माहीत असतं. इथे ते पत्ते मोजून दिसतं. म्हणून चौघांत एकास एक मारामारी शक्यतो टाळायची आणि एका पत्त्यात सगळ्यांना लागेल असं काही ठेवायचं. 'रॅथ ऑफ गॉड' हा 1993 च्या पहिल्याच संचातला पत्ता चार मानांत टेबलावरचे सगळे प्राणी मारतो. माझा एक जातो, तिघांचे मिळून दहा जातात. तसंच लाइफचं. दोघांच्या खेळात समोरच्याच्या वीस लाइफ संपवल्या की झालं. इथे तिघांच्या मिळून 120 आहेत. पहिल्या चालीपासून धावत सुटणारा माणूस एकाला संपवेपर्यंत दमतो आणि उरलेले दोघं ताजेतवाने असतात.

याहून अवघड प्रश्न म्हणजे मारायचं कोणाला. गणितात तिघांच्या द्वंद्वाचं एक जुनं कोडं आहे. तीन नेमबाज आहेत. पहिल्याचा नेम तिनातून एकदा लागतो, दुसऱ्याचा तिनातून दोनदा, तिसऱ्याचा कधीच चुकत नाही. याच क्रमाने, पाळीपाळीने, एकच उरेपर्यंत गोळ्या झाडायच्या. पहिल्याने कोणावर झाडावी? उत्तर: हवेत. त्याने हवेत झाडली की दुसऱ्याला तिसऱ्यावर झाडण्यावाचून गत्यंतर नाही, कारण तिसरा जिवंत राहिला तर तो दुसऱ्यालाच आधी टिपणार. पुढचा हिशोब मी कागदावर करून पाहिला. सगळ्यात कच्च्या नेमबाजाची वाचण्याची शक्यता जवळजवळ 40 टक्के येते, मधल्याची 38, आणि ज्याचा नेम कधीच चुकत नाही त्याची फक्त 22. सगळ्यात हुशार असणं हीच त्याची अडचण आहे.

कमांडरच्या टेबलावर हे रोज दिसतं. जो पुढे दिसतो त्याच्यावर तिघं तुटून पडतात. म्हणून चांगला खेळाडू दुसऱ्या नंबरावर राहायला बघतो. पण चौघंही दुसऱ्या नंबरावर राहायला बघू लागले की डाव पुढेच सरकत नाही. लग्नात पहिल्या पंगतीला कोणी बसेना, तसं होतं. मग टेबल हलवायला काहीतरी लागतं, आणि खेळ बनवणाऱ्यांनी त्यासाठी खास पत्ते काढलेत.

त्यातली दोन हत्यारं 2016 च्या एका संचात आली. एक 'मोनार्क', म्हणजे राजेपद. ते ज्याच्याकडे असेल त्याला दर चालीच्या शेवटी एक पत्ता जास्तीचा मिळतो. पण कोणाच्या प्राण्याने त्याला घाव घातला की पद घाव घालणाऱ्याकडे जातं. आमच्याकडे त्याला सरपंचपद म्हणतात आणि हे नाव कोणी ठेवलं ते आठवत नाही, इतकं ते आपोआप आलं. माझा सेनापती 'क्वीन मार्केसा'. ती आली की मी सरपंच होतो. पद दुसऱ्याकडे गेलं, तर माझ्या दर चालीच्या सुरुवातीला मला एक मारेकरी मिळतो. दुसरं हत्यार 'गोड'. मराठी कानाला हे ऐकताना मजा येते, कारण अर्थ अगदी उलटा आहे: चिथावणी. ज्या प्राण्याला चिथावलं त्याने हल्ला करायलाच हवा, आणि शक्य असेल तोवर चिथावणाऱ्याला सोडून दुसऱ्या कोणावर. बँकवालीचा सेनापती 'मारिसी' हे काम घाऊक करतो. त्याच्या फौजेतल्या कोणाचाही घाव तुम्हाला लागला की तुमची सगळीच्या सगळी फौज चिथावली जाते. ती स्वतः फारसं कोणाला मारत नाही. बाकीचे एकमेकांना मारतात आणि ती चिंचोके मोजत बसते. चिंचोके म्हणजे आमच्याकडचे किरकोळ शिपाई, सुटे पत्ते कोण छापत बसणार?

ग्रामपंचायत, सोसायटी, कारखाना अशा निवडणुका लहानपणापासून पाहिलेल्या माणसांना हा भाग शिकवावा लागला नाही. कोण कोणाला आतून मिळालेला आहे, कोण शब्द पाळतो, कोणाचा राग दोन डाव टिकतो, हे आम्ही पत्त्यांआधी वाचायला लागलो.

नंतर एका हिवाळ्यात मेडिकलवाल्याने नवा कॅट आणला. छापायला खर्च सारखाच येत असल्यामुळे जगातला कुठलाही पत्ता आमच्या आवाक्यात होता. त्याने जे सगळ्यात जोरकस होतं ते सगळं छापलं. त्याच्या मुळाशी दोन पत्त्यांची जोडी होती. 'डेमॉनिक कन्सल्टेशन'ने स्वतःचाच सगळा कॅट उडवून द्यायचा. मग 'थासाज ओरॅकल' आणायचा, जो म्हणतो की तुझा कॅट संपला असेल तर तू जिंकलास. दोन पत्ते, तीन माना. बाकी सगळे पत्ते ही जोडी लवकर शोधायला आणि ती कोणी अडवू नये म्हणून. तिसऱ्या-चौथ्या चालीला डाव संपायचा. त्याने काहीच चोरून केलं नव्हतं, नियमाला धरूनच सगळं होतं. आम्ही बाकीच्यांनीही मग तसले कॅट बांधायला घेतले. सरपंच, चिथावणी सगळं मागे पडलं. जोडी कोणाला आधी सापडते आणि ती अडवायला कोणाच्या हातात काय आहे, एवढंच उरलं. डाव वीस मिनिटांत संपायचा आणि परत पिसायचं.

साहेब यायचा बंद झाला. पहिले दोन-तीन आठवडे त्याने अभ्यासाचं कारण सांगितलं. मग मी सुट्टीला आलो असताना अभ्यासिकेच्या खालच्या टपरीवर भेटला. म्हणाला, "दिवसभर वर तेच करलालो की. काही शे जागा, लाखभर पोरं. कोण कुठल्या मार्काला संपवून गेलं ते नंतर कळतंय. रात्री पण तेच करायचं, तर झोपलेलं काय वाईट?" तोवर त्याच्या दोन मुख्य परीक्षा हुकल्या होत्या. चहाचे पैसे देताना आणखी एक म्हणाला, "आणि ते साहेब साहेब म्हणणं बंद करा आता."

मला ते आधी पत्त्यांबद्दलचं बोलणं वाटलं नव्हतं. पण होतं. आमची सगळी पिढी दोघांच्या खेळासाठी तयार झाली आहे. दहावी, बारावी, सीईटी, कॅम्पस: प्रत्येक ठिकाणी एक यादी लागते आणि आपण तिच्यात वर असतो किंवा नसतो. यादीत वर जाण्यासाठी जे जे करता येईल ते करायचं, कारण यादीतल्या इतर नावांशी आपल्याला उद्या परत बसायचं नसतं. चौघांच्या टेबलावर तीच माणसं पुढच्या शनिवारीही यायला हवी असतात. चौथा आला नाही तर सर्वांत जोरकस कॅटही नुसता शंभर कागदांचा गठ्ठा असतो. म्हणजे कॅट बांधताना एक प्रश्न असा धरावा लागतो, की हा कॅट समोर पाहून तीन माणसं, चारातले तीन डाव हरणार हे माहीत असताना, परत बसतील का?

हा प्रश्न आमच्यापुरता नव्हता. कमांडरचे नियम तेव्हा हौशी स्वयंसेवकांची एक समिती पाहायची. 23 सप्टेंबर 2024 ला तिने 'माना क्रिप्ट', 'ज्वेल्ड लोटस', 'डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट' अशा काही पत्त्यांवर बंदी घातली, कारण त्यांच्यामुळे डाव फार लवकर एकाच्या बाजूने झुकत होते. यातले काही पत्ते फार महाग होते. ज्यांनी पैसे घातले होते ते इतके चिडले की समितीच्या लोकांना धमक्या आल्या, आणि आठवड्याभरात समितीने सगळा कारभार कंपनीकडे सोपवला. मग कंपनीने फेब्रुवारी 2025 मध्ये कॅटच्या ताकदीच्या पाच पायऱ्या काढल्या, बसण्याआधी आपण कितव्या पायरीवर आहोत ते सांगायचं म्हणून. तिकडे महाग पत्ते होते म्हणून भांडण, इकडे सगळं फुकट होतं म्हणून. मर्यादा किमतीने घातली तर श्रीमंत जिंकतो, मर्यादाच नसली तर खेळ मरतो. मधली जागा माणसांनी बोलून ठरवावी लागते. झब्बूला बसताना प्रत्येक घरात आधी 'आमच्याकडे असं खेळतात' हे होतंच, तेच पुन्हा करायचं.

आम्ही तीन नियम केले. सातव्या फेरीच्या आत डाव संपवणारी जोडी कोणी आणायची नाही. जो सगळ्यात आधी बाद होईल त्याला पुढच्या डावात पहिली चाल. आणि तिसरा, मेडिकलवाल्याने स्वतः सुचवलेला: ज्या पत्त्याने डाव जिंकला तो पत्ता जिंकणाऱ्याने आपल्या कॅटमधून काढून डब्यात टाकायचा. डबा पेढ्यांचा.

या तिसऱ्या नियमाने आम्हाला जे शिकवलं ते कुठल्याही व्हिडिओने शिकवलं नव्हतं. डाव संपला की वाद सुरू होतो: नेमका कोणत्या पत्त्याने जिंकला? शेवटचा घाव घालणारा ड्रॅगन सगळ्यांना दिसतो. पण मागे जात गेलं की कळतं, ड्रॅगन नसता तर दुसरं काही आलं असतं. खरा फरक पडला तो तिसऱ्या फेरीतल्या 'रिस्टिक स्टडी'मुळे. हा पत्ता नुसता पडून असतो. बाकीच्यांनी काहीही खेळलं की त्यांना एक माना जादा द्या म्हणतो, नाही दिला तर मालकाला एक पत्ता ओढू देतो. एक मानासाठी कोण थांबतो? सगळे घाईत असतात, आणि तासाभराने त्याच्या हातात दहा पत्ते असतात. ऑफिसात सिस्टिम बंद पडली की दुसऱ्या दिवशी आम्ही असंच मागे जात मूळ कारण शोधतो. बहुतेक वेळा ते मोठ्या आवाजात फुटलेल्या गोष्टीत नसतं, कोणाच्या लक्षात न आलेल्या एखाद्या ओळीत असतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत चौघांच्याही 'सोल रिंग' डब्यात गेल्या. एक माना देऊन दर चालीला दोन देणारी ही अंगठी बहुतेक प्रत्येक कॅटमध्ये असते आणि पहिल्याच चालीला आली की तो डाव तिरपा होतो. त्यानंतर डाव लांबले. दीड तास, कधी दोन. चारही कॅट हळूहळू एकमेकांच्या जवळ आले, कारण जो जास्त जिंकतो त्याचाच कॅट झिजतो.

साहेबाला हे सगळं मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, एक महिना द्या, कॅट बांधून आणतो.

तो घेऊन आला 'फेल्डॅग्रिफ'. 1996 च्या संचातला हा सेनापती म्हणजे जांभळा, पंख असलेला पाणघोडा. त्याच्या इंग्रजी नावातली अक्षरं उलटसुलट केली की 'गारफिल्ड, पीएच.डी.' होतं, खेळ बनवणाऱ्याच्या नावावरची ही थट्टा आहे. पण त्याचं काम थट्टेचं नाही. त्याला काहीही करायचं असेल तर समोरच्या कोणाला तरी काहीतरी द्यावं लागतं. उडायचं, तर एकाला दोन लाइफ. जोरात धडक मारायची, तर एकाला छोटा पाणघोडा. पळून हातात परत यायचं, तर एकाला एक पत्ता. देणाऱ्यावर कोणी हात उगारत नाही, हा पहिला फायदा. दुसरा फायदा जास्त खोल आहे. कोणाला द्यायचं हे तो ठरवतो, त्यामुळे मागे पडलेल्याला उभं करून पुढे गेलेल्याच्या अंगावर सोडता येतं. टेबलावरचा तोल त्याच्या हातात असतो. आमच्यातला सगळ्यात मऊ दिसणारा कॅट तो आहे आणि त्याच्यासमोर हिशोब करायला सगळ्यात अवघडही.

त्याच्या मध्ये काही पत्ते असेही आहेत जे सगळ्यांना पत्ते वाटतात आणि शेवटी फक्त त्यालाच त्याचा उपयोग होतो. अन्नदान करून निवडणूक लढवणारे आम्ही पाहिलेत, तेव्हा फसतो असं नाही. पण पंगतीला बसतोच.

मी डावांची नोंद एका वहीत ठेवतो. चौघांचेही आकडे चारात एकाच्या आसपास फिरतात. बँकवाली थोडी वर, मी थोडा खाली. दिवाळीला सगळे जमलो की रात्री मेडिकलचं शटर पडल्यावर दोन डाव तरी होतात. डाव संपला की जिंकणारा पेढ्यांच्या डब्यात पत्ता टाकतो आणि उरलेले तिघं आपण कुठे हुकलो ते बोलत पत्ते गोळा करतात. हरण्याबद्दल मी आजवर जे काही नीट बोललो असेन ते याच वेळात बोललो आहे, कारण तेव्हा सोबत आणखी दोघं हरलेले असतात. झब्बूतला शेवटचा माणूस आणि निकालाच्या यादीत नाव शोधणारा माणूस एकटा असतो. इथे हरणाऱ्यांचं बहुमत असतं.

तो अजून परीक्षा देतो. या वर्षीचा निकाल यायचा आहे आणि त्याबद्दल खोलीत कोणी विचारत नाही. साहेब म्हणणं आम्ही त्या टपरीनंतर सोडलं. आता त्याला पाणघोडा म्हणतात, बँकवालीने ठेवलेलं नाव. तोही तिला परवा म्हणत होता, या खेपेला तुला एक पत्ता जास्त देतो, मेडिकलवाल्याकडे जरा बघ. ती हो म्हणाली आणि पुढच्याच चालीला त्याची सगळी फौज माझ्या अंगावर चिथावली.